अपोलोनियाचे ब्रेक

२४ जुलै, सोमवार

आज अपोलोनिया पुन्हा थांबली नाही!

अपोलोनिया म्हणजे मी नव्हे. मी थांबते, दर तिसऱ्या पायरीला. ही माझ्या मुलाची जीपनी, जीप लांबवून केलेली प्रवासी गाडी. क्रिसांतोने घेतली तेव्हा आईच्या, त्याच्या नानायच्या, प्रेमाचा उमाळा आला आणि गाडीच्या कपाळावर, बोनेटवर, माझं नाव रंगवून घेतलं. मला अक्षर येत नाही, पण लाल रंग आहे एवढं दिसतं. तेव्हापासून गावाला मोकळं रान. 'अपोलोनियाला सकाळी ढकलल्याशिवाय जाग येत नाही.' 'अपोलोनिया चढावर फार धापा टाकते.' मी ओट्यावर बसून ऐकते आणि कोण बोललं ते लक्षात ठेवते.

तर बाजारातून येताना मी पुढे बसले होते. चर्चपाशी उतरायचं होतं. उतरले पोस्टापाशी. मधल्या रस्त्यात कोंबड्यांची टोपली घेतलेली एक बाई होती. ती पळाली म्हणून वाचली.

"काय रे हे?"

"काही नाही नानाय. पेडल तीनदा दाबलं की लागतो ब्रेक."

"आणि तू किती वेळा दाबलंस?"

"दोनदा."

मागे अठरा माणसं बसली होती. एकानेही हूं की चूं केलं नाही. सवय झालीय त्यांना! पोस्टाच्या अलीकडे सगळे मिळून छातीवर क्रूस काढतात आणि गाडी थांबली की पुन्हा गप्पा सुरू.

मारिविक, माझी नात, शाळेत शिकवते. मी बोलते, ती लिहिते. लोला म्हणजे आजी. म्हणते, लोला, एवढं तपशिलात लिहू का? लिही. पुढे कुणी विचारलं तर म्हातारीने आधी सांगितलं होतं, याला पुरावा हवा.

२५ जुलै, मंगळवार

काल मुख्य गोष्ट राहिलीच. सोळा ऑगस्टला सान रोकेची मिरवणूक आहे. संत वरच्या चॅपेलातून दगडी उतारावरून खाली चर्चला येतो. त्याच्या लाकडी गाड्याचं चाक गेल्या वर्षी मोडलं, म्हणून यंदा संत बसणार अपोलोनियाच्या टपावर. पुढे सगळं गाव, हातात मेणबत्त्या, अर्धे अनवाणी, लेकरं कडेवर. मागे अपोलोनिया.

आणि ब्रेक तीनदा दाबल्यावर.

मी हे जेवताना बोलले. क्रिसांतोने सुका मासा भातात कुस्करला आणि म्हणाला, "नानाय, संत बसलाय ना वर. तो बघेल."

तो संत. त्याचे पाय लाकडाचे आहेत. पेडलवर कसे पोचतील?

२७ जुलै, गुरुवार

गाडी तिबूरकडे नेली. तिबूर गावचा मिस्त्री. शिवाय मारिविकचा धर्मबाप, म्हणजे क्रिसांतोचा कुंपारे. एकदा कुंपारे झाला की त्याचं निदान चुकलं असं म्हणता येत नाही. म्हटलं तर बाप्तिस्मा खोटा पडतो बहुधा. दुसऱ्या मिस्त्रीकडे जाणं म्हणजे दुसरं लग्न केल्यासारखं. लूसेना शहरात चांगले मिस्त्री आहेत, पण क्रिसांतो तिथे गाडी नेणार नाही. कुंपारेला वाईट वाटेल.

तिबूरने चाकाला लाथ मारली. बोटाने टकटक केलं. मग सिगारेट पेटवली. हे सगळं झालं की तो बोलतो.

"ब्रेकचे लायनर गेलेत."

नवे लायनर घातले. चाचणी घेतली ती तिबूरच्या दुकानापासून नारळवाल्यापर्यंत, जिथे जमीन ताटासारखी सपाट आहे. तिथे गाडीला ब्रेक नसते तरी ती थांबली असती.

३० जुलै, रविवार

दोष लायनरचा नव्हता.

१ ऑगस्ट, मंगळवार

तिबूर म्हणतो, रबरी नळ्या फुगतात. नळ्या बदलल्या.

२ ऑगस्ट, बुधवार

दोष नळ्यांचाही नव्हता. आज क्रिसांतो पोस्टाच्याही पुढे गेला.

आज कापितान येऊन गेला. रूफो, आमच्या वस्तीचा कापितान, म्हणजे सरपंचच. ऑक्टोबरात निवडणूक आहे, म्हणून हल्ली तो बोलावल्याशिवायही येतो. त्याने अपोलोनियाच्या बोनेटवर हात ठेवला, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि कुणीतरी फोटो काढला.

"लोला, काळजी नको. मी ब्रेक सुरक्षा समिती नेमलीय."

"समितीत कोण कोण?"

"मी. तिबूर. माझा मेहुणा. आणि टी-शर्ट छापायला टाकलेत."

"ब्रेक कोण बघणार?"

"तेच तर समिती ठरवेल!"

टी-शर्ट पिवळे आहेत. पुढे कापितानचं तोंड, मागेही कापितानचं तोंड. येताना दिसतो, जातानाही दिसतो.

४ ऑगस्ट, शुक्रवार

मला ठाऊक आहे काय झालंय. माझा नवरा अंबो, देव त्याला सुखात ठेवो, बेचाळीस वर्षं लष्करातून काढलेल्या जीपा दुरुस्त करत होता. त्याच्या हातांचा वास मी बेचाळीस वर्षं धुतला. जेवताना तो ब्रेकवर बोलायचा, झोपेतही ब्रेकवर बोलायचा. दुसऱ्या बायांचे नवरे झोपेत दुसऱ्या बायांची नावं घेतात. माझा म्हणायचा, 'मास्टर!'

त्याचं साधं गणित होतं. चाकांपाशी तेल गळत नाही, बोनेटखालच्या डब्यातलं ब्रेकचं तेल कमी होत नाही, आणि तरी पेडल खाली जातं, तर बाहेर काही बघू नका. चोर घरातच आहे. पेडलच्या पलीकडे मास्टर सिलिंडर असतो, त्यातलं रबर फाटलंय. पाय दाबतो, तेल चाकाकडे जायच्या ऐवजी फाटक्या रबराच्या कडेने मागे निसटतं. म्हणून दोन-तीनदा दाबावं लागतं.

मी तिबूरला सांगितलं. तो हसला.

"लोला, तुम्ही जपमाळ ओढा. मास्टर सिलिंडर पुरुषांचं काम आहे."

माझ्या लग्नात हा मनुष्य शेंबूड पुसत केक खात होता!

५ ऑगस्ट, शनिवार

आज मजा झाली.

फादर एलियस संताच्या बैठकीचं माप घ्यायला आला होता. मार्चपासून इथे आहे. वयाने माझ्या नातवाएवढा, कान मोठे, बोलतो कमी. कापितानला तो आवडत नाही. संताच्या गाडीवर कापितानचा फ्लेक्स लावायला फादरने नाही म्हटलं, तेव्हापासून. म्हणाला होता, संत एकच पुरे.

मी ओट्यावरून हाक मारली. "फादर, गाडी चालवता येते का?"

"वडिलांचा भाजीचा ट्रक होता लोला. सेमिनरीत जायच्या आधी तोच चालवायचो."

"मग बसा तिच्यात. इंजिन सुरू करा. पेडल दाबा आणि दाबून धरा. पंप करायचं नाही. नुसतं धरा. मी एक 'हे मरिये' म्हणते."

क्रिसांतो म्हणाला, "नानाय, फादरला कसली कामं सांगतेस!" तिबूर शेजारच्या बाकावर बसला होता, तो म्हणाला, "म्हातारीचं डोकं फिरलंय." फादर आधीच चढला होता. झगा वर खोचला, चप्पल काढली, पेडल दाबलं.

मी प्रार्थना सुरू केली. 'कृपापूर्ण' म्हणेपर्यंत पेडल वर होतं. 'स्त्रियांमध्ये धन्य' म्हणेपर्यंत अर्ध्यावर. 'आमेन'ला फादरचा पाय तळाला टेकला. गादीच्या खुर्चीत म्हातारं माणूस हळूहळू खाली जातं ना, तसं.

फादरने खाली वाकून चारही चाकं पाहिली. कोरडी. डबा पाहिला. तेल होतं तेवढंच.

"मास्टर सिलिंडर," फादर म्हणाला.

तिबूरने सिगारेट विझवली. "मग मी काय म्हणत होतो?"

७ ऑगस्ट, सोमवार

नवा मास्टर सिलिंडर आणायला क्रिसांतो बसने लूसेनाला गेला. बसने! अपोलोनिया घेऊन जायची हिंमत झाली नाही. म्हणजे इतके दिवस लोकांना बसवायची हिंमत होती, फक्त स्वतः लांब जायची नव्हती.

समितीने आज ठराव केला की मास्टर सिलिंडर बदलावा. फोटो काढला.

९ ऑगस्ट, बुधवार

आज जुना काढला.

अर्धं गाव बघायला. बाकं आणली, कॉफी आली, कुणीतरी तांदळाचे लाडू वाटले. मारिविकच्या बारशालाही एवढी गर्दी नव्हती. तिबूरने आधी डब्यातलं तेल पिचकारीने ओढून काढलं. रंगावर सांडलं तर रंग जातो, म्हणून मी खाली चिंध्या अंथरायला लावल्या, नाहीतर माझं नावच खरवडून निघालं असतं. मग नळ्यांचे नट सोडवले, दोन बोल्ट काढले, आणि सिलिंडर हातात.

पण तेल बघून तिबूर थांबला. ब्रेकचं तेल कसं हवं? मधासारखं. हे होतं दुधाच्या कॉफीसारखं, गढूळ, तळाशी तांबूस गाळ. त्याने सिलिंडर दगडावर आपटून आतला दट्ट्या बाहेर काढला. रबराच्या कडा कुरतडलेल्या. आतली भिंत गंजून खडबडीत. बोट फिरवलं तर टोचत होती.

"पाणी," तिबूर म्हणाला. "तेलात पाणी गेलंय. पाण्याने आत गंज, गंजाने रबर फाटलं."

"पाणी आत कुठून आलं?" कापितानने विचारलं. त्याला पाण्यात नाही, 'कुठून' यातच रस होता.

तिबूरने डोकं खाजवलं. मग एकदम उजळला. "मे महिन्यात! डब्याचं झाकण फुटलं होतं, मी नवं शोधायला नेलं होतं, दोन दिवस वर नुसती प्लास्टिकची पिशवी बांधली होती. आणि तेव्हाच फादर गाडीला आशीर्वाद द्यायला आला! बोनेट उघडं होतं. पवित्र पाणी शिंपडलं!"

झाकण दोन दिवस कुणी काढून नेलं होतं, हे कुणीच विचारलं नाही. सगळ्यांनी चर्चकडे बघितलं. कापितानचं तोंड असं फुललं की टी-शर्टवरचं त्याच्यापुढे दुःखी वाटायला लागलं.

मी आत आले. चुलीवर भात होता.

१० ऑगस्ट, गुरुवार

आज काही सांगायचं नाही. तारीख तेवढी लिही.

११ ऑगस्ट, शुक्रवार

चर्चला गेले. पापनिवेदनाच्या खिडकीशी गुडघे टेकवले. टेकवायला सोपे, उचलायला दोन माणसं लागली. या वयात पाप सापडणं कठीण. शोधून शोधून न्यावं लागतं.

फादरने शिक्षा काय दिली? एक 'हे मरिये'. एकच. मी म्हटलं, एवढ्याने भागतं का? म्हणाला, "नीट म्हणा, लोला. घाईने नको."

१२ ऑगस्ट, शनिवार

नवा बसवला. अंबो असता तर हसून हसून मेला असता, आधी मेला नसता तर.

नवा सिलिंडर गाडीला लावण्याआधी लोखंडी शिकंज्यात पकडायचा, तेल भरायचं, काठीने दट्ट्या हळूहळू दाबत आतली हवा काढायची. बुडबुडे थांबेपर्यंत. मी हे सांगितलं. तिबूर म्हणाला, "कंपनीने हवा काढूनच पाठवलाय." कंपनी काय हवा डब्यात भरून ठेवते का? तसाच लावला.

मग चाकांकडे जाणाऱ्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला बसले. सर्वांत लांबचं चाक आधी. क्रिसांतो पेडलवर, तिबूर चाकाखाली पाना आणि नळी घेऊन.

"दाब!"

"दाबलं!"

"धर!"

"धरलं!"

"सोड! – नको, सोडू नकोस! अरे सोडलंस का?"

"तूच म्हणालास सोड!"

"मी नट सोड म्हणालो, स्वतःला!"

तीन तास! शेवटी पेडल शिजलेल्या भातासारखं मऊ. मी ओट्यावर जपमाळ ओढत बसले होते, सांगितल्याप्रमाणे. काही बोलले नाही. मोठ्याने ओढली, एवढंच.

चार वाजता तिबूरने मुकाट्याने सिलिंडर पुन्हा काढला, शिकंज्यात पकडला आणि काठी मागितली. मी काठी दिली. माझीच.

संध्याकाळी पेडल घट्ट. एकदा दाबलं, दगड.

१३ ऑगस्ट, रविवार

चर्चमधली रविवारची मिस्सा संपली आणि कापितान पायरीवर उभा राहिला. पिवळी समिती मागे. सगळ्या गावासमोर विचारलं –

"फादर, प्रश्न सरळ आहे. अपोलोनियाच्या ब्रेकमध्ये पाणी तुमच्यामुळे गेलं की नाही?"

फादरने सरळ कापितानकडे बघितलं. माझ्याकडे बघितलंही नाही.

मग म्हणाला, "पाणी चर्चचं होतं, हे खरं."

"म्हणजे तुमचंच!"

"पाणी चर्चचं होतं," पुन्हा तेवढंच.

लोक हसले. दारूच्या दुकानापाशी बसणाऱ्यांनी दुपारपर्यंत गाणं रचलं, 'फादर आला, पाणी शिंपडलं, ब्रेक स्वर्गाला गेले'. चालही बरी आहे, दुर्दैवाने. कापितानने बिशपला पत्र लिहिलंय. नवखा पाद्री, बेजबाबदार, लोकांच्या जिवाशी खेळ. गावभर सह्या गोळा होतायत. क्रिसांतोनेही केली. मी विचारलं, का? म्हणाला, "कुंपारे पत्र घेऊन आला होता, नाही कसं म्हणू?"

माझ्याकडेही आले. मी म्हटलं, माझा डोळा दुखतोय. डोळ्याचा सहीशी काय संबंध, असं कुणी विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसाचं कुठेही काहीही दुखू शकतं.

जेवण गेलं नाही.

१४ ऑगस्ट, सोमवार

दगडी उतारावर चाचणी. संताच्या वजनाएवढ्या नारळांच्या गोण्या भरल्या. क्रिसांतोबरोबर माणूस कोण बसणार, तर समिती एकमेकांकडे बघायला लागली. कापितानला अचानक फोन आला. फोन वाजला नाही, पण आला.

फादर गोण्यांवर जाऊन बसला. "चला."

क्रिसांतोने चार ठिकाणी थांबवली. चारही वेळा एका दाबात. पण ओला दगड, पाऊस, आणि वर खरा संत असताना काय होईल? मला धाकधूक आहे. लायनर नवे, नळ्या नव्या, मास्टर नवा. जुनं काय राहिलं? चालवणारा. त्याला बदलायला मी आता कुठे जाऊ?

१६ ऑगस्ट, बुधवार

पाय सुजलेत, पण आज सगळं सांगून टाकते.

दुपारी पाऊस पडून गेला होता. दगड चकचकीत. बानाहाव डोंगर ढगात. संत अपोलोनियाच्या टपावर, दोरखंडांनी बांधलेला, शेजारी त्याचा लाकडी कुत्रा. कुत्र्यालाही बांधलं होतं. मी पुढे, क्रिसांतोजवळ. सगळ्यांनी सांगितलं, लोला, तुम्ही खुर्चीत बसा, खाली वाट बघा. मी म्हटलं, माझं नाव पुढे जाणार आणि मी मागे राहू?

दरवर्षी कापितान संताच्या अगदी पुढे चालतो, छाती काढून. यंदा त्याच्या लक्षात आलं की गर्दीची व्यवस्था मागून जास्त चांगली बघता येते. समितीही मागे. पिवळा ठिपकाही पुढे नव्हता.

अपोलोनियाच्या बंपरसमोर एकटा फादर. आणि त्याच्यापुढे सगळं गाव – मेणबत्त्या, गरोदर बाया, कडेवरची लेकरं.

फादर गाडीकडे पाठ करून चालत होता. एवढं बघून घेतलं मी. माणूस घाबरला की मान वळवतो. याने एकदाही वळवली नाही.

अर्ध्या उतारावर, सर्वांत तीव्र आहे तिथे, पुढच्या रांगेत एका बाईचा पाय घसरला. ती पडली, तिच्यावर दुसरी, दोघींना धरायला तिसरी. सगळं गाव एकदम थांबलं. फादर थांबला. आणि अपोलोनिया उतरतेय, आत चालता न येणारी अठरा म्हातारी माणसं, वर संत.

"क्रिसांतो!"

त्याने दाबलं. एकदाच. मला त्याचा गुडघा दिसत होता, ताठ ताणलेला. टपावर दोरखंड करकरले. कुत्रा पुढे कलला. चाकं दगडावर वीतभर घसरली आणि –

थांबली. बंपर आणि फादरची पाठ यांच्यात माझा एक हात मावला असता, दुसरा नाही.

बाई उठली, गुडघा पुसला. गाणं पुन्हा सुरू झालं. क्रिसांतोचा पाय पेडलवरून निघेना. मी त्याच्या मांडीवर चापट मारली. "सोड आता. खाली जायचंय." तो रडत होता. चाळीस वर्षांचा घोडा!

खाली पोचल्यावर फादर वळला, क्रिसांतोला म्हणाला, "छान थांबवलीस." एवढंच. आणि संताला उतरवायला हात लावला.

१७ ऑगस्ट, गुरुवार

आज सकाळी फ्लेक्स लागला. मारिविकने वाचून दाखवला. 'कापितान रूफो यांच्या दूरदृष्टीमुळे संत सुरक्षित'. फोटोत कापितान बोनेटवर हात ठेवून. बोनेटवरचं माझं नाव त्याच्या कोपराखाली झाकलंय.

तिबूरच्या दुकानावरही नवी पाटी. ब्रेकचा विशेषज्ञ.

काही बाया म्हणतात चमत्कार झाला. चमत्कार कसला, नवा सिलिंडर होता तो, लूसेनाहून आणलेला, पावतीसकट.

१८ ऑगस्ट, शुक्रवार

सुमान केले. नारळाच्या दुधात भात शिजवून, पानात बांधून. मारिविकला वाटलं घरासाठी. फादरच्या घरी पाठवले. चार जास्तीचे.

२० ऑगस्ट, रविवार

बिशपचं उत्तर आलं.

फादरची बदली. पूर्वेच्या एका बेटावर, तिथे म्हणे एकही रस्ता नाही आणि एकही गाडी नाही. तेव्हा ब्रेक बिघडवायची संधीच राहणार नाही, असं कापितानच म्हणाला, आणि सगळे हसले. मिस्सात फादरने वाचून दाखवलं स्वतः. आवाज सरळ. म्हणाला, "मंगळवारी निघतो. तुमच्याकडून खूप शिकलो." काय शिकला? हवा काढायला?

मंगळवारी सकाळी क्रिसांतो त्याला अपोलोनियातून बंदरावर नेणार आहे. त्यानेच सांगितलं, मी नेतो. सही करणाराही तोच, सोडायला जाणाराही तोच. मी म्हटलं तर म्हणाला, "नानाय, आता काय करणार?"

मिस्सानंतर मी फादरला थांबवलं. काय बोलायचं ते घेऊन गेले होते, पण तोंडातून निघालं भलतंच. "बेटावर मासे ताजे असतील."

तो म्हणाला, "हो लोला. गुडघ्याला तेल लावत जा."

२१ ऑगस्ट, सोमवार

झोप नाही. मारिविकला वाटतं गुडघा.

२२ ऑगस्ट, मंगळवार, सकाळ

लिही. मधे थांबू नकोस.

मे महिन्यात फादरने शिंपडलं ते चार थेंब, तेही बोनेटच्या पत्र्यावर. त्याच्या बादलीत उरलेलं पवित्र पाणी मी घरात आणलं. दुपारी सगळे झोपलेले. डब्यावरची पिशवी वाऱ्याने फडफडत होती, आत तेल पार तळाला. टंचाईच्या दिवसांत अंबोने एकदा ब्रेकमध्ये साबणाचं पाणी घालून जीप लूसेनापर्यंत नेली होती. मला वाटलं, हे तर त्याहून चांगलं पाणी. माझा मुलगा रोज त्या उतारावरून जातो. पेलाभर ओतलं, पिशवी बांधली, नवऱ्याच्या हुशारीवर खूश होऊन झोपले.

फादरला अकरा तारखेपासून ठाऊक आहे. पापनिवेदनाच्या खिडकीतून मीच सांगितलं. खिडकीतलं बाहेर काढायची त्याला मनाई, जीव गेला तरी. कापितानने सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा तो गप्प बसला तो त्यासाठी. आणि मी वाट बघितली, त्याने काहीतरी मार्ग काढावा म्हणून. त्याने. मी नाही.

मारिविक रडतेय आणि कागद ओला करतेय. रडू नकोस, अक्षर पसरतं.

बाहेर क्रिसांतोने इंजिन सुरू केलंय. फादरची पेटी मागे ठेवली. मी सांगितलंय, आधी चर्चपाशी थांबव, घंटा वाजवायला लाव, गाव जमू दे. सह्या केलेले सगळे.

पेन ठेव आता. मला हात दे, पायऱ्या उतरायच्यात. पुढचं मी तिथेच बोलते.